आदर्श गावाची पाटी आणि तलावाची पाळ

आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही गावात शिरा, वेशीवर एक तरी पाटी हमखास दिसते. निर्मल ग्राम, तंटामुक्त गाव, आदर्श गाव आणि अलीकडे माझी वसुंधरा. पाटीपासून हाकेच्या अंतरावर बहुधा गावतलावाची पाळ असते. पाटीला दर दोन-तीन वर्षांनी नवा रंग लागतो. पाळीवर मात्र बेशरम माजलेली असते, पाणी सोडण्याचे तोंड गाळाने बुजलेले असते आणि तलावाच्या पोटात कोणाची तरी बांधी तयार झालेली असते.

पाटीचा आणि पाळीचा एकमेकींशी काय संबंध, असे कोणी विचारील. माझ्या मते फार जवळचा आहे. हवामान बदल, तापमानवाढ हे शब्द आता रेडिओवर, टीव्हीवर, मोबाईलवर रोज कानी पडतात. या संकटाला तोंड देणे आणि आदर्श गाव उभे करणे ही दोन कामे आहेत असे आपण समजतो. एक मोठ्या लोकांचे आणि दुसरे सरपंचाचे. निदान आपल्या या धानाच्या आणि तलावांच्या मुलखात तरी ती दोन नाहीत, हेच आज सांगायचे आहे.

नक्षत्रे तीच, पाऊस वेगळा

हवामान बदलले, हे धान पिकवणाऱ्याला पुस्तकातून सांगावे लागत नाही. रोहिणीत जमीन तयार करायची, मृगात पऱ्हे टाकायचे, आर्द्रा-पुनर्वसूत रोवणी उरकायची, हा आपल्या वाडवडिलांचा हिशेब. नक्षत्रे आजही त्याच तारखांना लागतात, पण पाऊस त्या तारखा पाळत नाही. मृग कोरडा जातो, पऱ्हे पिवळे पडतात, दुबार पेरणी करावी लागते. मग एकदाच असा कोसळतो की धुरे फुटतात. दिवाळीच्या सुमारास, गावोगाव मंडईची तयारी सुरू असताना, कापून ठेवलेल्या धानाच्या कडपा पाण्यात तरंगतात आणि लोंबीलाच कोंब फुटतात.

ऑगस्ट २०२० चे शेवटचे तीन दिवस कोण विसरेल? वर मध्य प्रदेशात पाऊस झाला, शिवनी जिल्ह्यातील संजय सरोवराचे पाणी सुटले आणि वैनगंगा भंडारा शहरात आणि काठच्या गावांत शिरली. त्याआधी २०१७ चा खरीप आठवा. त्या वर्षी तुडतुड्याने उभे धान असे जाळले की शासनाला कापसाच्या बोंडअळीबरोबर धानाच्या तुडतुड्यासाठीही मदत जाहीर करावी लागली. कधी पुराने, कधी उघाडीने तर कधी किडीने, पण नुकसान त्याच शेतकऱ्याचे होते.

यामागचे कारण समजायला सोपे आहे. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची ताकद सुमारे सात टक्क्यांनी वाढते. म्हणजे ढगांची पखाल मोठी झाली. ती भरायला वेळ लागतो, म्हणून उघाडी लांबते. रिकामी होते तेव्हा एकदम होते, म्हणून अतिवृष्टी होते. कारखान्यांपूर्वीच्या काळाशी तुलना करता २०२४ हे पृथ्वीचे सरासरी तापमान दीड अंशाच्या वर गेलेले पहिले वर्ष ठरले. पॅरिसच्या २०१५ च्या करारात जगाने याच दीड अंशाची मर्यादा घालून घेण्याचे ठरवले होते. एका वर्षाने करार मोडला असे होत नाही, पण आपण उंबरठ्यावर उभे आहोत एवढे नक्की.

उन्हाळी धानाचेही तसेच. धान फुलोऱ्यात असताना पारा ३५ अंशांच्या वर गेला तर पराग वांझ होऊ लागतात आणि दाणे पोचट राहतात. आपल्याकडे एप्रिलचा पारा चाळिशी गाठतो. शेतकरी म्हणतो, "बियाणे खोटे निघाले जी." कधी बियाणे खोटे असतेही, पण दर वेळी दोष बियाण्याचा नसतो.

दोष कोणाचा, काम कोणाचे?

एका सभेत मी हे सांगत असताना एक तरुण उठून म्हणाला, "साहेब, धूर सोडला मोठ्या देशांनी, गाड्या उडवल्या शहरवाल्यांनी. आमी दोन एकरवाल्यांनी काहून भोगाचं?" त्याचे चुकले नाही. भारतातील माणसामागे होणारे उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे, आणि लाखांदूर-पवनीकडच्या अल्पभूधारकाचे त्याहून कितीतरी कमी. हे संकट त्याने आणलेले नाही. ज्यांनी आणले त्यांच्याकडून जबाबदारी वसूल झालीच पाहिजे. ती लढाई दिल्लीत आणि जागतिक परिषदांत लढली जावी, हे मला मान्य आहे.

पण शेजाऱ्याने आग लावली म्हणून आपण आपल्या घरावर पाणी टाकायचे थांबत नाही. शिवाय गावाच्या आतही हे संकट सगळ्यांवर सारखे पडत नाही. ज्याची बांधी तलावाच्या तोंडाशी आहे त्याला उघाडीतही पाणी मिळते. शेपटाच्या बांधीला भेगा पडतात. ज्याच्याकडे बोअर आहे तो तरतो. ज्याच्याकडे शेतच नाही, त्या ढिवराचा तलाव आटला की चूलच विझते. जुलैच्या उकाड्यात वाकून रोवणी करणाऱ्या बायांच्या अंगाला जे भोगावे लागते, त्याचा पंचनामा कोणीही करत नाही. तेव्हा हवामान बदल हा हवेचा प्रश्न आहे तसाच तो वाटपाचाही प्रश्न आहे. आणि जिथे वाटप आले तिथे गाव आले.

बांधीतील वायू

आता जी गोष्ट ऐकायला कडू आहे ती सांगतो. आपल्या धानाच्या बांधीतूनही हवा तापवणारा एक वायू निघतो. त्याचे नाव मिथेन. बांधीत महिनोन् महिने पाणी साचून राहिले की चिखलातील प्राणवायू संपतो. मग प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू तेथील सेंद्रिय पदार्थ कुजवतात आणि मिथेन तयार होतो. चिखलात पाय टाकला की बुडबुडे येतात, त्यात तो असतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ ते २८ पट उष्णता धरतो. माणसाच्या कामांतून जगात जेवढा मिथेन निघतो त्याचा साधारण आठ ते दहा टक्के वाटा धानशेतीचा मानला जातो.

यावर उपायही आहे. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने तो पसरवला. बांधी एकदा भरायची, एकदा सुकू द्यायची. त्यासाठी सुमारे एक फूट लांबीची, खालच्या अर्ध्या भागाला भोके पाडलेली नळी बांधीत अर्धी गाडायची आणि आतली माती काढून टाकायची. नळीत पाणी जमिनीच्या खाली अर्धा फूट गेलेले दिसले की पुन्हा दोन इंच पाणी द्यायचे. रोवणीनंतरचे पहिले दोन आठवडे पाणी ठेवावे, म्हणजे तण दबते. फुलोऱ्याच्या आधी आणि नंतर एकेक आठवडा बांधी मुळीच सुकू देऊ नये. नीट केले तर उत्पादन घटत नाही, पाणी तीस टक्क्यांपर्यंत वाचते आणि मिथेन तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत कमी होतो. पावसाच्या झडीत हे जमणार नाही हे उघड आहे. खरिपाच्या उघाडीत आणि उन्हाळी धानात मात्र जमते.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. सुकत्या बांधीत युरिया वरून फेकला तर नत्राचा दुसरा घातक वायू निघतो आणि पैसाही हवेत जातो. म्हणून चारसूत्री पद्धतीत सांगितल्याप्रमाणे ठराविक अंतरावर रोवणी करून, चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची एक गोळी चिखलात खोल खोचावी. दुसरे असे की तणस जाळू नका आणि ताजे तणस पाण्याच्या चिखलातही गाडू नका, त्याने मिथेन वाढतो. गुरांना घालून उरले तर खड्ड्यात कुजवून खत करा.

नळीची गोष्ट

एवढे सगळे ज्ञान घेऊन मी २०२१ च्या खरिपात एका गावात गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण चूक गावाची नव्हती, माझी होती. तलावाखालच्या दहा शेतकऱ्यांच्या बांध्यांत नळ्या बसवल्या, फोटो काढले, माहितीपत्रके वाटली. पंधरा दिवसांनी जाऊन पाहतो तर एकही बांधी सुकलेली नाही. नळ्या पाण्यात बुडालेल्या. मी जरा रागावूनच बोललो. तेव्हा एक म्हातारे बाबाजी धुऱ्यावर बसून शांतपणे म्हणाले, "साहेब, पानी का एका बांधीत राह्यते का जी? वरचा भरते, त माही भरते. वरचा सुकवते, त माही सुकते. तुमची नळी कोनाले सांगते?"

मी गप्प झालो. आपल्या तलावाखाली प्रत्येक बांधीला वेगळा पाट नसतो. पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरते. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण माझी योजना एकेका शेतकऱ्यासाठी होती आणि पाणी सगळ्यांचे मिळून होते. एकट्याने बांधी सुकवायची ठरवली तरी शेजारच्याचे पाणी त्याच्या अंगावर येणारच. मी दहा माणसांना दहा नळ्या दिल्या. त्या दहा जणांना एकत्र बसवण्याचे काम मात्र केले नाही.

कबूल करायला लाज वाटते, पण त्या वर्षी अहवालात मी 'प्रात्यक्षिक यशस्वी' असेच लिहिले. रकाना भरायचा होता, भरला. त्या एका शब्दाने कोणाचे पोट कापले गेले नाही हे खरे, पण चूक कागदावर आली असती तर पुढच्या माणसाला उपयोगी पडली असती. म्हणून आज इथे लिहितो आहे.

पुढे दुसऱ्या एका गावात मी नळ्या नंतर नेल्या. आधी तलावाखालचे सगळे खातेदार पाळीवर बसवले. तोंडाजवळचा आणि शेपटाचा, दोघेही आले. भांडण झाले, जुने हिशेब निघाले, दोन वेळा बैठक मोडली. तिसऱ्यांदा पाण्याची पाळी ठरली. गेट कोण उघडील, किती दिवसांनी उघडील, आणि आधी शेपटाला पाणी जाईल की तोंडाला, हे ठरले. त्या खरिपात पावसाने बरीच लांब दडी मारली. शेपटाच्या बांध्या हिरव्या राहिल्या. वरच्यांचेही धान कमी झाले नाही. यात नळीचा वाटा थोडा होता, बैठकीचा मोठा होता.

तलाव कोणाचा?

खरे पाहता ही बैठक आपल्याकडे नवी नाही. आपणच ती मोडली.

चांदागडचा गोंड राजा हिरशहा याने तलाव बांधणाऱ्याला त्याखाली भिजणारी जमीन दिली आणि त्यातून कोहळी समाजाने या भागात तलाव उभे केले, अशी परंपरा सांगतात. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो. तो आता गोंदिया जिल्ह्यात आहे. १ मे १९९९ ला जिल्हा विभागला गेला, पण तलावांचा वारसा दोघांचा एकच. पूर्व विदर्भात असे सहा हजारांवर तलाव आहेत. त्यांनाच आपण मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतो. यंत्र नाही, इंजिनिअर नाही, पण उताराचा अभ्यास असा की वरच्या तलावाचा सांडवा वाहिला की खालचा तलाव भरतो. आज ज्याला आपण पाणलोट विकास म्हणतो तो हाच.

मालगुजारीचा काळ सोन्याचा होता असे मी म्हणणार नाही. वेठबिगार होती, मालगुजाराचा शब्द म्हणजे कायदा होता. तो काळ परत यावा असे कोणाही शहाण्याला वाटणार नाही. पण तलावाला एक व्यवस्था होती. पाणी कोणी सोडायचे ते ठरलेले असे. उन्हाळ्यात घरटी माणूस पाळीच्या कामाला जाई. गावाचे पाण्याचे हक्क 'वाजिब-उल-अर्ज' या दस्तऐवजात नोंदलेले असत.

पुढे मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. आपला जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता. तलाव सरकारजमा झाले. मालगुजार गेला हे उत्तमच झाले. पण त्याच्या जागी गाव यायला हवे होते, ते न येता कचेरी आली. सरकारने पाणीपट्टी मागितली, शेतकऱ्यांनी निस्तार हक्क दाखवून नाकारली. पट्टी नाही म्हणून दुरुस्ती नाही आणि दुरुस्ती नाही म्हणून पट्टी नाही, असा तिढा पडला. जिल्हा परिषदा १९६२ ला आल्या आणि लहान तलाव त्यांच्याकडे गेले. आज मासेमारी एका संस्थेकडे, दुरुस्ती दुसऱ्या खात्याकडे, जमिनीची नोंद तिसऱ्याकडे, आणि गाळ ठेकेदाराकडे. सगळ्यांचा तलाव असा कोणाचाच राहिला नाही.

हवामान जसजसे लहरी होत जाईल तसतशी या तलावांची किंमत वाढणार आहे. एकदम कोसळणारा पाऊस थोपवून धरायचा आणि उघाडीत तोच बांधीत सोडायचा, हे काम तलावाइतके स्वस्तात कोणीही करणार नाही. वैनगंगेचा महापूर गावतलावाने थांबणार नाही, हे मान्य. पण नाल्याचा लोंढा हलका होतो, विहिरींना पाझर मिळतो आणि उघाडीतील एक-दोन पाणी हातात राहते. धानाच्या शेतकऱ्याला कित्येकदा तेवढेच हवे असते.

ढिवरांनी दाखवलेली वाट

अर्जुनी मोरगावच्या बाजूला ढिवर मच्छीमारांनी आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने तलावांवर जे काम केले, ते प्रत्येक सरपंचाने एकदा जाऊन पाहावे. या लोकांनी बेशरम उपटली. उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या तलावाच्या पोटात नांगरणी केली आणि तिथे पाण्यात वाढणाऱ्या स्थानिक वनस्पती लावल्या. मग देशी मासळी सोडली. मासळीला खाणे आणि अंडी घालायला आसरा मिळाला, पक्षीही परतू लागले. या कामात ढिवर स्त्रिया पुढे होत्या. कोणती वनस्पती कोणत्या खोलीवर वाढते आणि कोणता मासा तिथे राहतो, हे ज्ञान त्यांच्याकडे होते. पण आपण त्यांना कधी विचारले नव्हते.

यात आपल्यासाठी धडा आहे. तलाव खोल करणे म्हणजे पोकलेन लावून मध्ये खड्डा मारणे नव्हे. पाळीच्या पायथ्याशी खोदले तर पाळ कमजोर होते. एकाच जागी खोल खड्डा पडला तर त्यातील पाणी तोंडापर्यंत चढतच नाही. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आली, ती चांगली आहे. पण गाळ कुठून, किती आणि कोणाच्या शेतात, हे गावाने ठरवले तरच. नाहीतर गाळाच्या नावाने मुरूम जातो आणि गावाला खड्डा उरतो.

पाऊस तिप्पट, हिशेब शून्य

आदर्श गाव म्हटले की सगळे हिवरे बाजारचे नाव घेतात. आपल्या सरपंचांच्या सहली तिथे जातात, झाडे पाहून परत येतात. मला तेथील झाडांपेक्षा ग्रामसभेचे अधिक वाटते. नगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) त्या दुष्काळी गावात दरवर्षी पावसाचे पाणी मोजतात आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. किती पाणी आहे त्यावरून कोणते पीक घ्यायचे ते ठरते. उसासारख्या पिकाला आणि शेतीसाठी बोअर पाडायला गावानेच बंदी घातली. आपल्याकडे त्या गावाच्या साधारण तिप्पट पाऊस पडतो. पण पावसाचा हिशेब ठेवणारी ग्रामसभा आपल्याकडे किती आहेत?

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ग्रामगीता आपल्या विदर्भात घरोघरी आहे. म्हणजे आदर्श गावाची कल्पना आपल्याला बाहेरून आणायची नाही. आदर्श गाव म्हणजे भिंतीवर सुविचार लिहिलेले गाव नव्हे. शेपटाच्या बांधीला पाणी मिळते का, हे जिथे तोंडाचा शेतकरी विचारतो, ते आदर्श गाव. हवामान बदलाच्या काळात हा केवळ चांगुलपणा राहिलेला नाही, निभावण्याचा तोच एक मार्ग आहे. एकटा शेतकरी फार तर बोअर खोल करील. गाव मिळून तलाव राखू शकते.

ग्रामसभेत काय ठरवावे?

नुसता उपदेश नको, म्हणून मोजकी कामे सुचवतो. खरिपाआधी १ मेच्या ग्रामसभेत ती घेता येतील.

पहिले काम कागदाचे. गावतलावाचे मूळ क्षेत्र, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्जातील पाण्याच्या नोंदी महसूल अभिलेखातून काढून ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात. ग्रामपंचायत अधिकारी, ज्यांना आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो, त्यांनी यात पुढाकार घ्यावा. अतिक्रमण कोणाचे आहे हे सगळ्यांना माहीत असते. कागद समोर आला की निदान बोलता तरी येते.

दुसरे काम पाण्याच्या पाळीचे. तलावाखालचे खातेदार, ढिवरांची मच्छीमार संस्था आणि रोवणीला जाणाऱ्या बाया, या तिघांचे प्रतिनिधी असलेली समिती करावी. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा २००५ चा कायदा पाणी वापर संस्थांसाठी आहेच. ती जमली नाही तरी साधी समिती आजही करता येते. मासळीसाठी तलावात किती पाणी राखून ठेवायचे, तेही तिथेच ठरावे.

तिसरे काम पिकाचे. सगळ्या शिवारात एकच भारी धान लावू नका. हलके, मध्यम आणि भारी असे वाटून लावा, म्हणजे एका पावसाने किंवा एका उघाडीने सगळेच जाणार नाही. तलावात पाणी कमी असेल त्या वर्षी उन्हाळी धानाचा हट्ट सोडून लाखोळी, हरभरा, जवस घ्या. वाणांबाबत साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्राला विचारा, दुकानदाराला नव्हे.

चौथे काम मोजण्याचे. महसूल मंडळात स्वयंचलित हवामान केंद्र असते, पण मंडळातील सगळ्या गावांत पाऊस सारखा पडत नाही. शाळेत एक साधे पर्जन्यमापक लावा. मुले रोज मोजतील आणि फळ्यावर लिहितील. पाच वर्षांच्या नोंदी गावाजवळ असल्या तर आपला पाऊस कसा बदलला हे कोणाला विचारावे लागणार नाही. पिकाच्या नुकसानीचे बोलतानाही हातात काहीतरी असेल. एक रुपयातील पीक विमा २०२३ ला आला आणि २०२५ ला बंद झाला. आता खरीप धानाला विमा रकमेच्या दोन टक्के हप्ता स्वतः भरावा लागतो. म्हणून नुकसानीची सूचना वेळेत देण्याची सवय तर लावूनच घ्या.

पाचवे, एक सावधगिरी. देशाच्या काही धान पिकवणाऱ्या राज्यांत कंपन्यांची माणसे 'कार्बन क्रेडिट'चे अर्ज घेऊन फिरतात. बांधी सुकवा, मिथेन वाचवा, पैसे मिळवा, असे ते सांगतात. यात खोटेच आहे असे नाही. पण करार किती वर्षांचा, पैसे कधी मिळणार आणि मोडला तर दंड काय, हे वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका. असा करार एकेकट्याने करण्यापेक्षा ग्रामसभेसमोर ठेवावा. कारण पाणी एका बांधीत राहत नाही, हे बाबाजींनी आपल्याला सांगितलेच आहे.

यातील कोणतेही काम मोठ्या निधीवाचून अडणारे नाही. अडते ते एकत्र बसण्यापाशी. तोंडाच्या शेतकऱ्याला वाटते, माझे तर भागते आहे, मी कशाला बसू? त्याला एवढेच सांगावेसे वाटते. वरच्या तलावाचे पाणी आटले की तुझी बांधीही कोणाच्या तरी शेपटालाच आहे. या बदलत्या हवामानात कायमचा तोंडाशी असलेला कोणीच नाही. भंडाऱ्याच्या पुराने ते दाखवले. पाऊस दुसऱ्या राज्यात पडतो आणि ओटा आपला बुडतो.

म्हणून यंदाच्या उन्हाळ्यात, पाटीला रंग देण्याआधी, एक दिवस संध्याकाळी गावाने पाळीवर बसावे. ढिवरांना बोलवावे, बायांना बोलवावे, शेपटाच्या शेतकऱ्याला आधी बोलू द्यावे. मीही कुठल्या तरी पाळीवर असेन. या वेळी नळ्या घरी ठेवून येईन.